परका, पोरका आणि विधवा : संगणकावर वचन शोधताना पर्यायी शब्द कसे वापरावेत



या तिमाहीच्या शास्त्राभ्यासात एखादा अध्याय घेतलेला नाही. अध्यायांपर्यंत पोहोचण्याची वाट हाच या वेळचा विषय आहे. आपल्या मंडळ्यांतले तरुण, शब्बाथशाळेचे शिक्षक आणि बरेचसे पाळकही आता मोबाइलवर किंवा लॅपटॉपवर वचने शोधतात. चौकटीत एक शब्द टाकायचा, खाली यादी येते, तिच्यावर पाठ तयार होतो. यादी आली की वाटते, शास्त्रात या विषयावर एवढेच आहे. मराठीत ही समजूत फार लवकर फसवते. का फसवते आणि काय करावे, हे एकाच उदाहरणावर नीट पाहू.

माकणी आणि लोहारा तालुक्याच्या परिसरात काम करणाऱ्यांना जवळचे वाटेल असे उदाहरण निवडले आहे. जुन्या करारात तीन माणसे पुन्हा पुन्हा एकत्र येतात : परका, पोरका आणि विधवा. ज्याला गावात जमीन नाही तो, ज्याला बाप नाही तो आणि जिला नवरा नाही ती. हे त्रिकूट कुठे कुठे येते ते सर्व शोधायचे आहे. काम सोपे वाटते. करायला बसले की कळते.

अशा शोधाची गरज माणसाला संगणकाच्या आधीपासून होती. सुमारे १२३० साली सेंट शेरच्या ह्यूग नावाच्या डॉमिनिकन धर्मगुरूच्या देखरेखीखाली पॅरिसमध्ये अनेक साधू मिळून लॅटिन बायबलाची शब्दसूची करीत होते. १७३७ मध्ये अलेक्झांडर क्रूडनची इंग्रजी सूची निघाली. १८९० मध्ये जेम्स स्ट्राँगची सूची आली, आणि तिने एक नवी सोय केली : मूळ हिब्रू व ग्रीक भाषेतल्या प्रत्येक शब्दाला एक क्रमांक दिला. त्या क्रमांकांचा उपयोग पुढे येईल. या सर्व सूच्यांच्या मागे माणूस बसलेला होता. ‘विधवा’, ‘विधवेला’, ‘विधवांचे’ ही एकाच शब्दाची रूपे आहेत हे त्याला ठाऊक होते, म्हणून ती तो एकाच ठिकाणी लिहीत असे. संगणकाला हे कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही. तो अक्षरे जुळवतो, अर्थ जुळवत नाही.

पहिला प्रश्न : मराठी शब्द बदलतो

‘विधवा’ हा शब्द टाका आणि ‘पूर्ण शब्द’ या खुणेवर टिचकी मारा. ‘विधवेला’, ‘विधवेचे’, ‘विधवांना’, ‘विधवांवर’ ही सगळी ठिकाणे गळतील. इंग्रजीत शब्दाला क्वचितच काही चिकटते, म्हणून हे प्रोग्राम करणाऱ्यांनी ‘पूर्ण शब्द’ ही खूण सोय म्हणून ठेवली. मराठीत विभक्ती शब्दालाच चिकटते. तेव्हा पहिला नियम असा की मराठीत शोधताना ही खूण काढून टाकावी आणि शब्दाऐवजी त्याचे न बदलणारे मूळ टाकावे.

हे मूळ ओळखायला कागद घ्या आणि शब्द दोनतीन विभक्त्यांत चालवा. विधवा, विधवेला, विधवांना. तिन्हींत न बदललेला भाग ‘विधव’. तेच टाका. पोरका, पोरकी, पोरक्याला : ‘पोरक’. परका, परक्यांना, परकीय : ‘परक’. अनाथ, अनाथाला, अनाथांचा : इथे काही कापायला नको, ‘अनाथ’ पुरे.

काही शब्दांत मात्र मधला स्वरच बदलतो. मजूर, पण मजुराला. गरीब, पण गरिबांना. शाळेत शिकलेला ऱ्हस्व-दीर्घाचा नियम इथे उपयोगी पडतो. ‘मजूर’ टाकले तर ‘मजुराची मजुरी’ सापडणार नाही आणि ‘मजुर’ टाकले तर ‘मजूर’ सापडणार नाही. दोन्हींत समान भाग ‘मज’ एवढाच. तो टाकला तर ‘मज’, ‘मजला’ असे सगळे समोर येईल. म्हणून अशा शब्दाची दोन्ही रूपे पर्याय म्हणून द्यावी लागतात.

मूळ फार आखूड करण्याचा मोहही टाळावा. परका, परदेशी, परराष्ट्रीय हे सगळे एकदम सापडावेत म्हणून कोणी ‘पर’ एवढेच टाकील, तर त्याला आधी ‘परमेश्वर’ भेटेल, आणि तो हजारो वेळा भेटेल. शिवाय ‘परंतु’ आणि ‘परत’. शोधाचा निकाल आध्यात्मिक दृष्ट्या चुकीचा म्हणता येणार नाही, पण पाठ तयार होणार नाही.

दुसरा प्रश्न : एकाच माणसाला अनेक नावे

हिब्रूत ज्याला ‘गेर’ म्हटले आहे, त्याला मराठी भाषांतरांत परका, परकीय, परदेशी, परदेशीय, उपरी, उपरा अशी नावे मिळाली आहेत. भाषांतरागणिक शब्द बदलतो आणि पुष्कळदा एकाच भाषांतरात ठिकाणागणिक बदलतो. याला दोष म्हणू नये. श्रीरामपूरच्या छापखान्यातून १८११ मध्ये मराठी नवा करार निघाला तेव्हापासून कित्येक हातांनी हे काम केले आहे आणि प्रत्येकाने आपल्या काळच्या वाचकाला कळेल असा शब्द शोधला आहे. पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक मुळावरून केलेले संपूर्ण बायबल त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनमधून प्रसिद्ध झाले. रमाबाईंचे आईवडील दुष्काळात गेले आणि १८८२ मध्ये पतीही गेले. अनाथ आणि विधवा हे शब्द भाषांतरात लिहिताना या बाईंना त्यांचा अर्थ कोशात पाहावा लागला नसेल.

‘उपरी’ या शब्दावर थोडे थांबावेसे वाटते. तो जुना आहे आणि आज बऱ्याच वाचकांना अडतो, म्हणून नव्या भाषांतरांनी तो टाळला तर आश्चर्य नाही. पण आपल्याकडच्या जुन्या गावगाड्यात त्याला नेमका अर्थ होता. ज्याची जमीन पिढीजात हक्काची तो मिरासदार. जो बाहेरून येऊन गावची जमीन कसतो पण जिच्यावर त्याचा वंशपरंपरेचा हक्क नाही, तो उपरी. इस्राएलात जमीन कुळांत वाटलेली होती आणि ‘गेर’ला त्या वाटणीत वाटा नव्हता. तो प्रवासी नव्हता, पाहुणाही नव्हता. गावातच राहत होता, मजुरी करत होता, सणालाही येत होता, पण सातबाऱ्यावर त्याचे नाव नव्हते असे म्हणा. ‘परदेशी’ शब्दाने हे चित्र उभे राहत नाही, ‘उपरी’ने राहते. लक्ष्मण माने यांनी आपल्या आत्मकथनाला ‘उपरा’ हे नाव दिले (१९८०), तेव्हा कैकाडी समाजातल्या माणसाने याच जुन्या शब्दाला हात घातला होता. वस्तीवर शिकवताना मात्र ‘उपरी’ समजावून सांगावाच लागतो, कारण पारधी घरांत बोलली जाणारी भाषा गुजरातीच्या जवळची आहे आणि गावगाड्याची मराठी त्यांच्याकडे बाजारातून आली आहे.

असो. शोधाकडे वळू. एका जागी अनेक शब्दांपैकी कोणताही चालेल, हे संगणकाला कसे सांगायचे?

कंस आणि उभी रेघ

तहसील कचेरीत एक पाटी लागली आहे असे समजा : ‘आधार कार्ड किंवा मतदान कार्ड आणि रहिवासी दाखला आणावा.’ एक माणूस फक्त आधार कार्ड घेऊन जातो. त्याने पाटी अशी वाचली : एक तर आधार, नाहीतर मतदान कार्ड आणि दाखला दोन्ही. दुसरा वाचतो : दोन कार्डांपैकी कोणतेही एक, आणि शिवाय दाखला. पाटीत दोन्ही अर्थ बसतात. कचेरीतला बाबू नंतर समजावतो, संगणक समजावत नाही. ‘आणि’ व ‘किंवा’ एकत्र आले की बरेच प्रोग्राम आधी ‘आणि’ची जोडी लावतात, म्हणजे पहिल्या माणसासारखे वाचतात. उपाय एकच. पर्याय कंसात बांधायचे :

(आधार किंवा मतदान कार्ड) आणि दाखला

बायबलच्या प्रोग्राममध्येही हेच. प्रत्येक जागेसाठी एक कंस, कंसाच्या आत त्या जागेचे सगळे पर्याय. आपल्या त्रिकुटाला तीन जागा आहेत, म्हणून तीन कंस :

(परक किंवा परदेश किंवा उपर) आणि (अनाथ किंवा पोरक) आणि (विधव)

‘किंवा’ आणि ‘आणि’ कसे लिहायचे ते प्रोग्रामवर ठरते. अकॉर्डन्समध्ये कंसात स्वल्पविराम देऊन पर्याय लिहितात. लोगोसमध्ये किती शब्दांच्या अंतरात, आधी की नंतर, हेही सांगता येते. हे दोन्ही महागडे आहेत. ई-सोर्ड फुकट आहे. त्यात ‘सर्व शब्द’, ‘कोणताही शब्द’ आणि ‘वाक्यांश’ असे पर्याय निवडता येतात. मोबाइलवरच्या अँडबायबलमध्येही तेच तीन. संगणकावर फुकट चालणारा झिफोस हा प्रोग्राम याहून पुढे जातो : त्यात चिन्हांनी लिहिलेला शोध चालतो. चिन्हांच्या या पद्धतीत ‘किंवा’साठी उभी रेघ वापरतात आणि ती एकदा हातात बसली की दुसरे काही आवडत नाही.

आता ‘वाक्यांश’ शोध घेऊ, म्हणजे लागोपाठ येणारे शब्द. समजा फक्त ‘अनाथ व विधवा’ ही जोडी हवी आहे. अवतरणात तेवढेच टाकले तर ‘अनाथ आणि विधवा’ गळते, ‘अनाथ किंवा विधवा’ गळते, ‘अनाथांना व विधवांना’ही गळते. इथे मधल्या ‘व’लाही पर्याय द्यावा लागतो. मराठी बायबलात ‘व’ आणि ‘आणि’ हे भाषांतरकाराच्या कानाप्रमाणे येतात, त्यात नियम शोधू नये. चिन्हांत तो शोध असा :

(अनाथ|पोरक)[^ ]* (व|आणि|किंवा) विधव

वाचायचा असा : आधी ‘अनाथ’ किंवा ‘पोरक’, मग त्याला चिकटलेले काहीही, जागा सुटेपर्यंत (चौकोनी कंसातला तो तुकडा म्हणजे ‘रिकामी जागा सोडून कोणतेही अक्षर’ आणि पुढचा तारा म्हणजे ‘कितीही वेळा’), मग रिकामी जागा, मग तीन जोडशब्दांपैकी एक, मग पुन्हा जागा, आणि शेवटी ‘विधव’ने सुरू होणारा शब्द. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे मंत्रासारखे वाटते. शब्दकोडे सोडवणाऱ्याला दहा मिनिटांत जमते.

शब्द लागोपाठ नसतील पण क्रमाने असतील, तर मध्ये टिंब आणि तारा ठेवायचा. त्याचा अर्थ ‘मध्ये काहीही असो’ :

(परक|परदेश|उपर|उपऱ).*(अनाथ|पोरक).*विधव

या ओळीत ‘उपर’ आणि ‘उपऱ’ असे दोनदा का लिहिले ते पाहा. ‘उपरी’मधला ‘र’ आणि ‘उपऱ्याला’मधला ‘ऱ’ हे आपल्या डोळ्याला एकाच घरचे, पण युनिकोडमध्ये त्यांना दोन वेगळे क्रमांक आहेत. त्यातून ‘ऱ्या’ हे जोडाक्षर दोन प्रकारे साठवलेले आढळते. काही मजकुरांत ‘ऱ’ हे वेगळे अक्षर असते, काहींत साधा ‘र’ आणि त्याच्यामागे न दिसणारे जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. ‘दुसऱ्या’, ‘तिसऱ्या’, ‘शेतकऱ्या’ अशा प्रत्येक शब्दाला हा खड्डा आहे. ‘जखऱ्या’ संदेष्ट्याचे नाव शोधून सापडले नाही तर त्याचेही कारण बहुधा हेच. खात्रीचा उपाय म्हणजे शोधायचा शब्द टंकित न करता त्याच बायबलातून उचलून चौकटीत चिकटवणे.

जुन्या-नव्या लेखनाचाही प्रश्न आहे. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या छपाईत ‘प्रीति’, ‘शांति’ असे ऱ्हस्व, नंतर ‘प्रीती’, ‘शांती’. काही भाषांतरांत ‘ह्यांना’, काहींत ‘यांना’. कुठे ‘तुम्हांला’, कुठे ‘तुम्हाला’. शंका आली की दोन्ही रूपे कंसात घालावी. आणि आपल्या मंडळीची जुनी गीतपत्रके किंवा अहवाल श्री-लिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये टंकलेले असतील तर त्यांत असा कुठलाच शोध चालणार नाही. आधी ते युनिकोडमध्ये आणावे लागतील.

झिफोस नको असेल तर आणखी एक साधी वाट आहे. इंडियन रिव्हाइज्ड व्हर्जन या मालिकेतले मराठी भाषांतर खुल्या परवान्यावर मिळते. त्याचा साधा मजकूर लिबरऑफिसच्या रायटरमध्ये उघडावा, प्रत्येक वचन वेगळ्या परिच्छेदात असेल असे पाहावे, आणि ‘शोधा व बदला’च्या खिडकीत ‘रेग्युलर एक्सप्रेशन’ ही खूण करून वरच्याच ओळी टाकाव्या. ‘सर्व शोधा’ दाबले की सगळी ठिकाणे रंगतात. बदला हे बटण मात्र चुकून दाबू नये.

काय हाती लागते

हिब्रू मजकुरात हे तिघे एकाच वचनात अठरा ठिकाणी येतात. त्यांपैकी अकरा एकट्या अनुवादाच्या पुस्तकात आहेत : १०:१८, १४:२९, १६:११ आणि १४, २४:१७, १९, २० आणि २१, २६:१२ आणि १३, २७:१९. बाकीची सात स्तोत्रांत आणि संदेष्ट्यांत : स्तोत्र ९४:६, १४६:९, यिर्मया ७:६ आणि २२:३, यहेज्केल २२:७, जखऱ्या ७:१०, मलाखी ३:५. आपापल्या मराठी बायबलात शोध लावून पाहा. अठरापेक्षा कमी आली तर एखादा पर्यायी शब्द कंसात घालायचा राहिला आहे. ही यादी शोधाची परीक्षा म्हणून चांगली चालते.

आता क्रमाचा प्रश्न. वर दिलेली चिन्हांची ओळ ‘परका, मग पोरका, मग विधवा’ असा क्रम धरते. मूळ हिब्रूत अठरापैकी चौदा ठिकाणी तोच क्रम आहे. उरलेल्या चारांत तो मोडतो. अनुवाद १०:१८ मध्ये पोरका आणि विधवा आधी, परका शेवटी. स्तोत्र ९४:६ मध्ये विधवा, परका, पोरका. जखऱ्या आणि मलाखी दोघेही विधवेपासून सुरुवात करतात. क्रम धरून शोधणारा नेमका मलाखीला मुकेल, आणि मलाखी ३:५ हे वचन तर मजुराची मजुरी बुडवणाऱ्यांचे नाव या तिघांच्या छळणाऱ्यांच्या रांगेत घालते. म्हणून क्रमाचा शोध झाल्यावर क्रमाविना, नुसता तीन कंस आणि ‘आणि’ असा शोध पुन्हा करावा.

दुसरी मोठी गळती वचनाच्या सीमेवर होते. प्रोग्राम सहसा एकेक वचन घेऊन त्यात सगळे शब्द आहेत का ते बघतो. पण वचनांचे आकडे मागाहून घातलेले आहेत. मोशेने आकडे पाहून लिहिले नाही. निर्गम २२:२१ मध्ये परका आहे आणि विधवा व अनाथ २२:२२ मध्ये. एकाच वचनाच्या शोधात निर्गमाचा हा उतारा दिसतच नाही, आणि अनुवादातल्या त्या अकरा जागांच्या आधीचे हे त्रिकूट असे हातातून निसटते. ज्या प्रोग्राममध्ये शोधाची मर्यादा वचनाऐवजी दोनतीन वचने किंवा अध्याय अशी ठेवता येते, तिथे ती वाढवावी. नाहीतर ‘परक|उपर|उपऱ|परदेश’ यांची वेगळी यादी काढून प्रत्येकाच्या आजूबाजूची चार वचने वाचावी. कंटाळवाणे आहे, पण चुकत नाही.

हे सगळे कशासाठी

ही नुसती शब्दांची हौस नाही. व्याजाचे उदाहरण घ्या. आपल्या भागात ऊसतोडीची उचल, हातउसने, सावकारी हे रोजचे विषय आहेत आणि मंडळीतही कोणी ना कोणी विचारतो की शास्त्र व्याजाबद्दल काय म्हणते. शोधात ‘व्याज’ आणि ‘परका’ किंवा ‘परदेशी’ असे टाका. अनुवाद २३:२० समोर येईल : बाहेरच्याकडून व्याज घेण्यास मोकळीक आहे, आपल्या बंधूकडून घेऊ नये. एकच वचन, एकच शब्द. त्यावरून कोणी म्हणेल की जो आपल्यातला नाही, गावाबाहेर पालावर राहतो, त्याच्याकडून व्याज घ्यायला हरकत नाही. असा पाठ झाला तर तो ऐकणाऱ्यांपैकी कोणाचे तरी भांडे त्यात गहाण पडलेले असू शकते.

इथे स्ट्राँगचे क्रमांक कामाला येतात. ई-सोर्डमध्ये क्रमांक घातलेले इंग्रजी बायबल मिळते. इंग्रजी फारसे येत नसले तरी आकडा वाचता येतो. अनुवाद २३:२० मधला शब्द ‘गेर’ नाही. तो ‘नोखरी’ आहे, हिब्रू क्रमांक ५२३७. ‘गेर’चा क्रमांक १६१६. मराठीत दोघांनाही ‘परका’ म्हटलेले असू शकते, पण मुळात ती दोन माणसे आहेत. ‘नोखरी’ म्हणजे बाहेरून येऊन जाणारा, उदाहरणार्थ व्यापारी. ‘गेर’ म्हणजे तुमच्या वेशीच्या आत राहणारा भूमिहीन. हा फरक अनुवाद १४:२१ मध्ये उघड दिसतो, कारण तिथे दोन्ही शब्द एकाच वचनात आहेत : आपोआप मेलेल्या जनावराचे मांस ‘गेर’ला द्यावे किंवा ‘नोखरी’ला विकावे. एकाला देणे, दुसऱ्याला विकणे.

मग ‘गेर’ आणि व्याज यांचे काय? एका वचनाच्या मर्यादेत शोधले तर काही मिळत नाही. मर्यादा दोन वचनांची करा, लेवीय २५:३५–३६ मिळते. पस्तिसाव्या वचनात ‘गेर’ आणि त्याचा सोबती ‘तोशाव’ (क्रमांक ८४५३), म्हणजे वस्तीला राहिलेला. छत्तिसाव्यात व्याज घेऊ नको. प्रामाणिकपणे सांगायला हवे की पस्तिसाव्या वचनाचे हिब्रू आटोपशीर आहे आणि भाषांतरे इथे फुटतात. काही म्हणतात, तुझा बंधू गरीब झाला तर तो परका असला तरी त्याला सांभाळ. काही म्हणतात, परक्याला सांभाळतोस तसे त्याला सांभाळ. मला वाटते, दोन्ही अर्थांनी निकाल एकाच बाजूला जातो. दुसरा अर्थ धरला तरी परक्याला सांभाळणे हे गृहीतच धरलेले आहे, त्याचाच दाखला देऊन बंधूबद्दल सांगितले आहे. वेशीच्या आत राहणाऱ्या भूमिहीनाकडून व्याज घ्यायला अनुवाद २३:२० आधार देत नाही, एवढे तरी शब्द पाहून ठामपणे म्हणता येते.

‘गेर’ हा शब्द जुन्या करारात ९२ वेळा आला आहे. सगळी ठिकाणे एका बैठकीत वाचणे अवघड नाही. तरुण संघाने दोन रविवार दिले तर होते. वाचताना अनुवाद २४:१४–१५ कडे लक्ष द्या, तिथे गरीब मजूर आपला असो की ‘गेर’, त्याची मजुरी सूर्य मावळण्याआधी द्यायला सांगितले आहे. ‘मजूर|मजुर’ हा कंस तिथे वापरून पाहा.

शब्द सापडत नाही तेव्हा

सगळे पर्याय दिले, मर्यादा वाढवली, क्रमांक लावले, तरी एक पुस्तक या जाळ्यातून सुटते. रूथ. ती मवाबी आहे, नवरा मेलेला आहे, दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचते. अनुवाद २४:१९ मध्ये परका, पोरका आणि विधवा यांच्यासाठी शेतात विसरलेली पेंढी सोडून द्यायला सांगितले, त्याच्यासारखी चालती-बोलती गोष्ट दुसरी नाही. पण रूथच्या पुस्तकात हिब्रूतला ‘विधवा’ हा शब्द एकदाही येत नाही. आणि रूथ २:१० मध्ये ती स्वतःला ‘गेर’ म्हणवत नाही, ‘नोखरी’ म्हणवते, म्हणजे ज्याला नियमाप्रमाणे काही देणे लागत नाही अशी. बवाज नियम मोजत बसत नाही. ‘विधव’ टाका, ‘१६१६’ टाका, बवाजाचे शेत सापडणार नाही. ते आधी वाचलेले असावे लागते.

नव्या करारातही सावध राहावे. याकोब १:२७ मध्ये अनाथ आणि विधवा आहेत, परका नाही. यशया १:१७ मध्येही तसेच. एवढ्यावरून नव्या कराराने परक्याला वगळले असा निष्कर्ष काढण्याची घाई नको. मत्तय २५:३५ मधला परका ग्रीकमध्ये ‘झेनोस’ आहे (ग्रीक क्रमांक ३५८१), इफिस २:१९ मध्ये तोच शब्द ‘पारोइकोस’ (३९४१) या जोडीदारासह येतो आणि १ पेत्र २:११ मध्ये वाचकांनाच उपरी म्हटले आहे. मराठीत इथे प्रवासी, परदेशवासी, पाहुणा असे शब्द येतात, म्हणून नव्या करारासाठी पहिला कंस नव्याने बांधावा लागेल : (परक|परदेश|उपर|उपऱ|प्रवासी|प्रवाश|पाहुण). ‘प्रवासी’चे ‘प्रवाशांना’ होते, हे विसरू नये.

ज्यांच्याकडे फक्त मोबाइल आहे त्यांनी वहीत एक तक्ता आखावा. आडवे तीन रकाने, प्रत्येकात त्या जागेचे सगळे पर्याय उभे. ‘कोणताही शब्द’ हा पर्याय निवडून पहिल्या रकान्यातले शब्द शोधा, वचनांचे संदर्भ लिहा. मोबाइलवर शब्दाचे मूळ चालत नसेल तर प्रत्येक रूप वेगळे टाका : विधवा, विधवेला, विधवांना. मग दुसरा रकाना, मग तिसरा. तिन्ही याद्यांत जे संदर्भ आले त्यांच्याभोवती गोल करा. आणि जे एका यादीत आहेत पण त्याच्या शेजारचे वचन दुसऱ्या यादीत आहे, त्यांच्याखाली रेघ मारा. निर्गम २२ तिथेच सापडेल.

पुढच्या अंकापर्यंत करून पाहण्यासाठी एक जोडी देतो : ‘गरीब’ आणि ‘न्याय’. गरीब, गरिबांना, दीन, दरिद्री, कंगाल, लाचार इतके पर्याय एका बाजूला येतील. दुसऱ्या बाजूला न्याय, निवाडा, इन्साफ. आमोसापासून सुरुवात करा. पुस्तक नऊ अध्यायांचे आहे, शोध चुकला की लगेच वाचून ताडता येते.